चौथ्या मजल्यावरची चाळीस मिनिटं

समारंभ अकराला होता आणि पावणेनऊला सासऱ्यांनी जाहीर केलं, की तपासणी झाल्याशिवाय नूतनीकरण होणार नाही.

ते गमतीनं बोलताहेत असं घरात कुणालाही वाटलं नाही, कारण सासरे गमतीनं बोलत नसत. तरुणपणी सहा वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि पुढे एकतीस वर्षं सरकारी तपासनीस म्हणून तपासल्या. म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग त्यांनी दोन मजल्यांच्या मधोमध काढला होता. परवाना दर वर्षी संपतो, आणि तो पुन्हा हवा असेल तर दोर, ब्रेक, दरवाजे सगळं उघडून बघावं लागतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. निमंत्रणावर 'विवाहवचनांचं नूतनीकरण' असं छापताना मुलांना हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

कल्पना मुळात सुनेची. ती विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. कुठं आग लागली, कुठं गाडी भिंतीवर गेली, की ही वही घेऊन हजर: कोण कुठं उभं होतं, आधी काय वाजलं, मग काय फुटलं. ही सवय घरीही सुटत नसे, म्हणून सासरी तिला 'चौकशी खिडकी' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, अलीकडे तोंडावर म्हणू लागले होते, म्हणजे प्रेम वाढलं होतं. गच्चीवरच्या खोलीवरून तिच्या नवऱ्याचं आणि नणंदेचं जे बिनसलं, त्याला आता पाच महिने झाले होते. भाऊबहीण एकमेकांशी बोलायचे ते आईमार्फत. आई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तिला ते जड गेलं नाही. सुनेला मात्र बघवेना. म्हणून तिनं सुचवलं, की लग्नाला पन्नास वर्षं होताहेत तर आईबाबांनी चार माणसांत वचनं पुन्हा म्हणावीत आणि तयारी भावाबहिणीनं मिळून करावी. चार माणसांची चाळीस झाली, एवढंच.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सासरे पहिल्या रांगेत मधोमध बसले आणि त्यांनी फायलीतून दोन कागद काढले. एक होता पन्नास वर्षांपूर्वीचा, विवाह नोंदणी कचेरीतला छापील वचननामा, पाच कलमांचा. दुसरा त्यांनी काल दुपारी पट्टीनं आखलेला तक्ता: कलम, प्रत्यक्ष स्थिती, शेरा.

"बाबा, अहो, लोक अकराला यायचेत," सुनेचा नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायचं, अशी त्याला धंद्यानं सवय लावली होती. वडिलांपुढे ती चालत नसे.

"म्हणून तर पावणेनऊला बसलो."

"वाचू दे रे त्यांना. पाचच तर कलमं आहेत," नणंद म्हणाली. ती शाळेत मुख्याध्यापिका, आणि कुठलाही कागद मोठ्यानं वाचला जातोय म्हटलं की तिला बरं वाटे. पाच महिन्यांत तिनं थेट भावाला उद्देशून म्हटलेलं हे पहिलंच वाक्य. त्यानं ते मुकाट्यानं ठेवून घेतलं.

कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीत आत्या बसली होती. सासऱ्यांची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची, याच घरात राहणारी. लग्नाला हजर असलेल्यांपैकी नवराबायको सोडून एवढं एकच माणूस आता उरलं होतं, त्यामुळे तिला सकाळपासून खास मान होता आणि तिसरा कप कॉफी. आई खिडकीशी उभी राहून फुलदाणीत फुलं लावत होती.

"कलम पहिलं," सासऱ्यांनी सुरुवात केली. "सुखदुःखात साथ देईन. स्थिती: साथ दिली. दोन वेळा दौऱ्यावर असल्यामुळे उशिरा पोचलो. शेरा: समाधानकारक, वेळेबाबत सुधारणा हवी."

"दोन वेळा?" आईनं फुलांकडे बघतच विचारलं.

"तीन." त्यांनी खाडाखोड केली आणि बाजूला सही केली. "कलम दुसरं. एकमेकांपासून काही लपवणार नाही. स्थिती: सिगारेट. दौऱ्यावर असताना, रोज एक. आज प्रथमच सांगतो आहे."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दौऱ्यापासून. पुढे चला."

सासऱ्यांनी पेन उचललं. "म्हणजे लपलं नव्हतंच," असं म्हणून त्यांनी लिहिलं, समाधानकारक. "तिसरं. आजारपणात सोडून जाणार नाही. गेलो नाही. चौथं. एकमेकांच्या कामाचा मान राखीन. मान राखला. आवाज अधूनमधून वाढला, पण मान्य मर्यादेत."

"मर्यादा कुणी मान्य केली होती म्हणे?" आत्यानं कपामागून विचारलं.

"पाचवं. नातेवाइकांशी सलोख्यानं वागेन." सासऱ्यांनी चष्म्यावरून बहिणीकडे पाहिलं. "शेरा राखून ठेवला आहे." मग पान उलटलं, पेन सरसावलं आणि बायकोकडे वळले. "आता तुझी बाजू. कलम पहिलं. तू दिलेल्या वचनाबाबत काय स्थिती?"

"माझी कसली स्थिती?" आईनं उरलेला देठ कापला. "ही वचनं मी दिलेलीच नाहीत."

सुनेचा नवरा हसला. एकटाच हसला, हे लक्षात आल्यावर थांबला.

"असं कसं?" सासरे म्हणाले. "मी वाचली, मग तू वाचलीस. पद्धतच होती तशी. आधी नवरा मोठ्यानं वाचणार, मग बायको, मग सह्या."

"तुम्ही वाचलीत. मला कुणी वाचायला सांगितलं नाही. जे दिलंच नाही त्याचं नूतनीकरण कसं करणार तुम्ही? तुमच्याच खात्यात चालतं का?"

चालत नव्हतं. सासऱ्यांचा चेहराच ते सांगत होता.

आता त्या लग्नाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. नोंदणी कचेरी चौथ्या मजल्यावर. सासऱ्यांनी पाचवं कलम वाचलं न वाचलं तोच लिफ्टची घंटा ठणाणा वाजू लागली. पुढच्या नंबरचं जोडपं दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये लटकलेलं. सासरे तेव्हा लिफ्ट दुरुस्तीवालेच. कोट काढला, बाह्या सारल्या, गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेले आणि चाळीस मिनिटांत त्या दोघांना सुखरूप बाहेर काढलं. "स्वतःचं लग्न सोडून दुसऱ्याचं लावलं," असं म्हणून ते गोष्ट संपवत, आणि सगळे टाळ्या वाजवत. सुनेनं अठरा वर्षांत ती किमान तीस वेळा ऐकली होती आणि तीस वेळा ती गच्चीवर, यंत्रखोलीत, वंगणात हात घालून संपली होती. त्या चाळीस मिनिटांत खाली चौथ्या मजल्यावर काय चाललं होतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. धंद्यानं चौकशी करणारी बाई, आणि साक्षीदार रोज डोळ्यांसमोर कॉफी पीत होती.

"आई," ती म्हणाली, "बाबा वर गेल्यावर त्या खोलीत कोण कोण होतं?"

"झाली सुरू खिडकी," आत्या पुटपुटली.

"मी, वन्सं, नोंदणी अधिकारी आणि एक कारकून. अधिकाऱ्यांना दुसरीकडे जायचं होतं, सारखं घड्याळ बघत होते. पाच-सात मिनिटं थांबले आणि कारकुनाला म्हणाले, आटपा. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मी म्हटलं, मला वाचायचंय ना? तो म्हणाला, आधी सही करा बाई, मागे रांग आहे."

"रांग तर लिफ्टमध्ये अडकली होती," सून म्हणाली.

"तेच मी म्हटलं. त्याला काही ते आवडलं नाही. मी सही केली. सही माझ्या हातानं केली, तोंडाला कुणी काही विचारलंच नाही."

सासऱ्यांनी तक्ता मांडीवर ठेवला. "पण मी खाली आल्यावर विचारलं होतं. पहिलं तेच विचारलं, तिनं वाचलं का म्हणून. आणि मला सांगण्यात आलं, की वाचलं. छान वाचलं."

"सांगण्यात आलं म्हणजे कुणी सांगितलं, बाबा?"

सगळे कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीकडे बघत होते, आणि मऊ खुर्ची कपात बघत होती.

"मग काय सांगणार होते?" आत्यानं एकदम आवाज चढवला. "हा आला वंगणानं बरबटलेला, कानापर्यंत हसत. आणि ही तिकडे खिडकीशी, रस्त्याकडे तोंड करून, पर्स छातीशी धरून उभी. ती पर्स मला आवडली नाही. निघायच्या बेतात असलेल्या बाईची पर्स होती ती! म्हटलं, आता परत वाचा-बिचा म्हटलं तर ही वाचेल की जिना उतरेल, नेम नाही. सही झालीय ना, मिटवून टाक."

"आत्या, तू साक्षीदार होतीस!" नणंद म्हणाली.

"म्हणून तर माझ्यावर विश्वास बसला."

सुनेला आता त्या पर्सनं पछाडलं. "आई, काय होतं पर्समध्ये?"

आईनं फुलदाणी टेबलाच्या बरोब्बर मध्यभागी ठेवली, मग थोडी डावीकडे सरकवली. "बदलीचं पत्र. मोठ्या एक्स्चेंजमध्ये जागा मिळाली होती, समुद्रापलीकडचे कॉल जोडायची. संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही कळवायचं होतं. कुणाला बोलले नव्हते."

"दुसरं कलम," सासरे नकळत म्हणून गेले.

"ते मी दिलं नव्हतं हो अजून," आई शांतपणे म्हणाली. "मी मनाशी ठरवलं होतं, आपली वाचायची पाळी आली की ठरवायचं. कागद हातात येईल, पहिलं कलम वाचताना काय वाटतं ते बघू. वाटलं तर पाचही वाचू, नाही वाटलं तर खाली ठेवू. पाळी आलीच नाही."

"मग पत्राचं काय केलंस?" नणंदेनं विचारलं.

"सहा वाजले. पाहुणे होते घरी. राहून गेलं."

"आणि आई," सुनेनं सावकाश विचारलं, "कागद हातात आला असता तर तुम्ही वाचला असता?"

"तेच तर मला माहीत नाही, सूनबाई." आईच्या चेहऱ्यावर ना राग होता ना रडू. शब्दकोडं सोडवताना पेन्सिलीचं टोक ओठांशी नेऊन ती बघायची, तशी बघत होती. "पन्नास वर्षं अधूनमधून विचार करते. कपडे वाळत घालताना वगैरे. मला खरंच कुतूहल आहे."

"अगं पण इतकी वर्षं बोलली का नाहीस?" सासऱ्यांचा आवाज मान्य मर्यादेच्या बराच खाली गेला होता.

"पहिल्याच दिवशी वन्संना खोटं पाडू? आणि नंतर उशीर होत गेला. पण आज तुम्ही चाळीस जणांसमोर म्हणणार, पुन्हा म्हण. मी पुन्हा कसं म्हणू? आमच्याकडे ट्रंक कॉल लावताना नियम होता. पलीकडच्याला आधी विचारायचं, अमुक माणसाशी बोलणार का? तो हो म्हणाला तरच जोडायचं. अलीकडचा कितीही घाईत असू दे. पलीकडून हो आलं नाही तर कॉल झाला असं धरायचं नाही."

यानंतर घरात जे झालं त्याला नणंद नंतर चर्चा म्हणत असे. सुनेच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं, की सही झाली म्हणजे कायद्यानं झालं, आई उगाच जुनं उकरतेय. नणंद आईच्या बाजूनं उभी राहिली आणि तिनं स्त्रीच्या संमतीवर चार वाक्यं म्हटली, शाळेच्या मैदानावर शोभावीत अशी. मग तिला अकराचे पाहुणे आठवले आणि ती निम्मी भावाकडे आली: आत्ता म्हणून टाक, उद्या निवांत विचार कर. तेवढ्यात भाऊ हलला. आईचा चेहरा बघून असेल, तो म्हणाला, "नाही ताई, नको म्हणत असेल तर नको. मी फोन करून सगळ्यांना नाही म्हणून कळवतो." म्हणजे दोघं एकमेकांच्या जागी जाऊन उभे राहिले आणि पुन्हा समोरासमोरच आले.

"फोन कशाला?" आई म्हणाली. "मला विचारा म्हणतेय मी. फक्त चाळीस माणसं बसवून विचारू नका. तिथं नाही म्हणायची सोय नसते, मग हो म्हणण्यात तरी काय राहिलं?"

सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. त्यांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. सुनेनं त्यांना बंद पडलेल्या मोटारीपुढे, चिडलेल्या सोसायटीच्या सभेपुढे, हॉस्पिटलात स्वतःच्या रिपोर्टापुढे पाहिलं होतं. असे घाबरलेले कधी पाहिले नव्हते. 'नाही' असं उत्तर आलं तर काय, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर एकेक मजला खाली उतरत होता.

"तपासणी चालू असताना लिफ्ट प्रवाशांना बंद ठेवतात," ते उठत म्हणाले. "तुम्ही सगळे इथंच थांबा." आणि बायकोला म्हणाले, "येतेस का? यायचं असेल तर."

"येते," आई म्हणाली. दोघं मागच्या सामानाच्या खोलीत गेले, जिथं इस्त्रीचं टेबल, जुन्या सुटकेसा आणि दोन मोडक्या खुर्च्या होत्या. दार लागलं. साडेनऊ वाजले होते.

दहा वाजता केक आला. सुनेनं तो सही करून घेतला आणि कुठं ठेवायचा हे न सुचल्यामुळे हातात धरूनच उभी राहिली. हा सगळा खटाटोप तिचा. तिला वाटत होतं आपण भावाबहिणीत पूल बांधतोय, आणि पन्नास वर्षांचं लग्नच पायाखालून निघालं. त्याहून लाज वाटायची गोष्ट म्हणजे, तिला भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती.

नवरा आणि नणंद जिन्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले होते.

"नाही म्हणाली तर राहील कुठं?" तो म्हणाला.

"माझ्याकडे. विचारायचं काय त्यात?"

"तुझ्याकडे कुठं जागा आहे? गच्चीवरची खोली देऊ तिला."

"ती खोली तर तुला हवी होती ना दवाखान्याच्या सामानाला?"

"सामानाचं काय एवढं! आणि बाबा?"

मग नणंद म्हणाली, "बाबांना मी नेते. त्यांना माझ्या शाळेची लिफ्ट फार आवडते." भाऊ फस्सकन हसला आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसली की रडली, ते सुनेला केकमुळे दिसलं नाही.

आत्या खुर्चीत नव्हती.

पावणेअकराला पहिले पाहुणे आले, नेहमीप्रमाणे सर्वांत दूर राहणारे. सून त्यांना पाणी देत असतानाच मागच्या खोलीचं दार वाजलं. सासरे एकटेच बाहेर आले, कुणाकडे न बघता न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून तोंड धुऊ लागले. सून पाण्याचा ट्रे पाहुण्यांच्याच हातात देऊन स्वयंपाकघराकडे धावली. आई तिथं गॅससमोर उभी राहून दूध तापवत होती.

"आई?"

"विचारलं त्यांनी. खुर्ची पुढे ओढून, नीट विचारलं. कागदावरचं नाही. म्हणाले, माझ्याशी लग्न करणार का?"

"मग?"

"मी नाही म्हटलं."

सुनेनं बाहेर बसलेल्या पाहुण्यांकडे वळून पाहिलं.

"अगं, म्हणून बघितलं. मला वाटायचं, तेव्हा विचारलं असतं तरी माझ्या तोंडातून 'नाही' निघालंच नसतं. निघालं की! सहज निघालं." दूध वर आलं, तिनं ज्योत बारीक केली. "तेवढं मला बघायचं होतं."

"आणि बाबा?"

"बरं, म्हणाले. मला वाटलं आता वाद घालतील, नियम काढतील. नुसते बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. बराच वेळ. मग म्हणाले, ते पत्र आलं होतं त्या एक्स्चेंजची इमारत किती मजल्यांची होती? मी म्हटलं, नऊ. म्हणाले, बघायला आवडली असती. मी म्हटलं, मलाही. मग आम्ही त्यावरच बोलत बसलो, मी तिथं गेले असते तर काय काय झालं असतं. ते कधीतरी तिथली लिफ्ट तपासायला आलेच असते म्हणे."

"आई, बाहेर माणसं आलीत."

"सांगतेय ना. शेवटी उठले आणि म्हणाले, उद्या पुन्हा विचारलं तर चालेल का? मी म्हटलं, उद्या कशाला? आहात तर आत्ताच विचारा."

सुनेची सवय ती सवय. "विचारलं? मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, म्हणजे दाराला लागलेल्या कानालाही जावं."

दारामागून आत्या आत आली. एक कान लाल झालेला, चष्मा वाकडा. ती ब्याऐंशी वर्षांची बाई भावजयीसमोर शाळेतल्या पोरीसारखी हात बांधून उभी राहिली.

"ऐकलं हो मी," ती म्हणाली. "या वेळी ऐकलं. कुठं सही करायची असेल तर सांग."